तिले काय पुसता!

पुण्याहून परतवाड्याला येणाऱ्या स्लीपर ट्रॅव्हल्समध्ये वरचा बर्थ मिळाला, की झोपेचा विचार सोडून द्यायचा. मागच्या दिवाळीत मी तसाच आडवा होतो. हातात मोबाईल, चार्जिंग ३१ टक्के, आणि स्क्रीनवर नीटा प्रोज या कॅनडातल्या लेखिकेची ‘द मेड’ ही २०२२ साली आलेली कादंबरी. नायिका मॉली ग्रे पंचवीस वर्षांची, एका बड्या हॉटेलात खोल्या आवरणारी. आजीनं वाढवलेली, आणि ती आजीही आता गेलेली. मॉलीला माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत. कुणी हसतंय म्हणजे आपल्यासोबत हसतंय की आपल्याला हसतंय, हे तिला कळत नाही. चादरीची घडी, साबणाची वडी, टॉवेलची कड मात्र तिच्या नजरेतून सुटत नाही. एके दिवशी तिला खोलीत एक श्रीमंत पाहुणा मेलेला सापडतो आणि संशय तिच्यावरच येतो. कारण सरळ आहे: ती ‘विचित्र’ वागते.

पुस्तक खेळकर आहे, भराभर वाचून होतं. तरी मेहकरच्या आसपास कुठंतरी मी मोबाईल छातीवर उपडा ठेवला. मला बेबीआत्या आठवली होती, आणि आमच्या घरी कामाला येणारी बाईसुद्धा. मॉलीच्या गोष्टीत या दोघी एकाच बाईत आहेत. आमच्या घरात त्या दोन वेगळ्या बाया होत्या, आणि आम्ही दोघींचंही ऐकलं नव्हतं.

बेबीआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न झालं नाही. ‘डोक्यानं कमी’ असं तिच्यासमोरच म्हटलं जायचं. ती दिवसभर ओसरीवर बसून वही भरायची. मेळघाटातून सागवान घेऊन आगाराकडे जाणारे ट्रक किती, शकुंतला किती वाजता शिटी देऊन गेली, दूधवाला कधी आला, कामवाली बाई कधी आली. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज गाडी. तिचा वेळ पाळण्याशी फारसा संबंध नव्हता, म्हणूनच बहुधा आत्याला तिची वेळ टिपावी लागायची. मिक्सर सुरू झाला की आत्या कानावर हात ठेवून किंचाळायची. तिचं ताट, तिचा पाट, तिचा पेला ठरलेला. रेडिओवरच्या बातम्या तिला आवाजासकट पाठ. डोळ्यांत डोळे घालून ती कधीच बोलली नाही.

२००८ च्या मे महिन्यात काकांच्या मुलीचं लग्न घरातून निघालं. मी दहा वर्षांचा होतो. पाहुणे गच्चीपर्यंत झोपलेले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आजीच्या चार पाटल्या कपाटात नाहीत असं कळलं. ओळखीतले एक हवालदार साध्या कपड्यात चहाला म्हणून आले आणि त्यांनी एकेकाला विचारलं. मलाही विचारलं. ओसरीवर आत्यापाशी ते थांबले, तर आजोबा म्हणाले, “तिले काय पुसता! तिले काई समजत नाई.” हवालदार पुढं गेले.

संध्याकाळपर्यंत ठरलं, की बाईनंच घेतल्या. सकाळी स्वयंपाकघरात तीच होती, तिची पोरगी बाळंतीण होती, तिला पैशाची गरज होती. एवढं पुरलं. तक्रार केली नाही, ‘उपकार’ म्हणून. कामावरून मात्र काढलं, आणि गल्लीतल्या आणखी तीन घरांनीही काढलं.

त्यानंतर नऊ दिवस आत्या एकच वाक्य म्हणत राहिली. “सहावा मांगं हाये.” जेवताना, अंघोळीला जाताना, रात्री अंथरुणावर. एकदा आईनं वैतागून तिला गप्प बसवलं. संकष्टीला आईनं साबुदाण्याचा डबा काढला. मांडणीवरच्या ओळीतला सहावा. त्यात साबुदाण्याखाली फडक्यात गुंडाळलेल्या चारही पाटल्या होत्या. एवढ्या पाहुण्यांत कपाट सुरक्षित नाही म्हणून आजीनंच त्या तिथं ठेवल्या आणि ती विसरून गेली. आजीचं विसरणं तेव्हा नुकतं सुरू झालं होतं, आम्हाला ते पुढं दोन वर्षांनी उमगलं. डबे मांडणीच्या कडेला टेकवून ठेवायची आमच्याकडे पद्धत. सहावा दोन बोटं मागं सरकलेला होता. घरात तीसेक माणसं होती. दिसलं ते एकीलाच.

*

घरी पोचल्यावर मी आजोबांची ट्रंक उघडली. आजोबा रहस्यकथांचे भक्त. जयस्तंभ चौकाजवळच्या एका लायब्ररीतून ते रोज एक पुस्तक आणायचे, आणि लायब्ररी बंद होताना त्यांनी उरलेली पुस्तकं किलोवर विकत घेतली. या माणसानं आयुष्यभर तपासाच्या गोष्टी वाचल्या, आणि घरातल्या एकमेव साक्षीदाराला विचारू दिलं नाही. याचा मला तेव्हा राग आला. मग वाटलं, पुस्तकांनीच त्यांना तसं शिकवलं नसेल ना? सुट्टी दहा दिवसांची होती. बसलो वाचत.

मराठी रहस्यकथेचा वंशवृक्ष थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोविंद नारायण दातारशास्त्री इंग्रजी सनसनाटी कादंबऱ्यांना मराठी अंगरखा चढवत होते. गुहा, भुयारं, वारसाहक्क, वेषांतर असा सगळा थाट. त्याच सुमाराचे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. सिंहगडावर शिकारीच्या नादात कड्यावरून कोसळले, कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या वाचत वाचत ते कादंबरीकार झाले. त्यांची ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’ ही गुन्हेगारांच्या टोळीची कादंबरी. म्हणजे आपल्याकडच्या सुरुवातीच्या रहस्यकारांपैकी एकजण स्वतः अपंग होता. ही गोष्ट मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितली नाही, आणि सांगण्याचं कारणही नव्हतं म्हणा.

मग आले बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा. हजाराहून अधिक रहस्यकथा या एका माणसानं लिहिल्या. काळा पहाड, झुंजार, आणि होम्स-वॉटसनच्या चालीवरची धनंजय-छोटू ही जोडी. पुस्तक पातळ, टाईप मोठा, किंमत कमी. गिरणीतल्या कामगारापासून आमच्या आजोबांसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या कारकुनापर्यंत सगळे वाचत. आज आपण रील्सवर बोट फिरवतो, तसं ते पानं फिरवत असणार. पुढं गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला. सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद, वकील अमर विश्वास आले. ‘दुनियादारी’वाले शिरवळकर हेच, हे सिनेमा पाहून आलेल्या पिढीला माहीत नसतं. दिवाळीत ‘धनंजय’ नावाचा अंक यायचा, अजूनही येतो. भय आणि रहस्य हेच त्याचं भांडवल.

ट्रंकेतली सत्तावीस पुस्तकं मी वाचली, काही पूर्ण, काही चाळली. हा काही अभ्यास नव्हे, ट्रंकेतला नमुना आहे. पण जे दिसलं ते सांगतो. बाईला चार भूमिका मिळतात: नायकाची पत्नी, मालकाची पळवलेली मुलगी, काळ्या साडीतली कारस्थानी आणि प्रेत. वेडी बाई असते, पण ती वाड्याच्या माडीवर कोंडलेली असते. रात्री तिच्या हसण्याचा आवाज येतो, वाचक दचकतो, आणि शेवटच्या प्रकरणात कळतं की तिच्या वेडाचा खुनाशी काही संबंध नव्हता, किंवा ती वेड पांघरून बसली होती. दोन्हीकडे ती कंदिलासारखी वापरलेली आहे. माडीवरून तिनं काय पाहिलं, हे तिला कुणी विचारत नाही. सत्तावीस पुस्तकांत एकदाही नाही.

आता पुरुषांकडे बघा. १८८७ मध्ये कॉनन डॉयलनं शेरलॉक होम्सला जन्म दिला. दिवसदिवस न बोलणारा, सिगारेटच्या राखेवर प्रबंध लिहिणारा, समोरच्याच्या भावनांची फिकीर नसलेला. जग त्याला विक्षिप्त म्हणालं आणि पुढच्या वाक्यात प्रतिभावान म्हणालं. आपल्या भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे घ्या. एका जागी बसवत नाही, जिभेनं ‘ट्टॉक’ करतो, डोक्यात विचार आला की पाय आधीच धावत सुटलेले. आजच्या शाळेनं बनेशच्या आईबाबांना बोलावून समुपदेशकाचा नंबर दिला असता. आपण त्याला ‘फास्टर’ म्हटलं आणि त्याच्यावर जीव लावला. मीही लावला. पण त्याच स्वभावाची फुरसुंगीची एखादी बनी असती, तर तिच्यावर पुस्तक निघालं असतं का? तिला आधी ओट्यापाशी बसवून पोळ्या लाटायला शिकवलं असतं.

ही चूक फक्त गोष्टी लिहिणाऱ्यांची नाही. शास्त्राचाही इतिहास याच वाटेनं गेलेला आहे. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता हे निदान जगापुढं आलं ते लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या लेखातून. त्यात ११ मुलं होती, त्यांपैकी ८ मुलगे आणि ३ मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनी चार मुलांचं वर्णन केलं, चारही मुलगेच. त्याच्या जवळजवळ दोन दशकं आधी मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी अशाच मुलांची बारकाईनं नोंद केली होती आणि लगोलग मुलींवरही लिहिलं होतं. त्यांचं नाव बरीच वर्षं मागं पडलं. मुलींचं निदान कमी होतं, याचं एक कारण संशोधक आता असं सांगतात की निकष मुलग्यांना पाहून बनलेले, आणि मुली इतरांची नक्कल करून वेगळेपण झाकायला लवकर शिकतात. कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. टेस्ट डेटामध्ये एकाच प्रकारचे युजर घेतले, तर बाकीचे युजर ‘एरर’ म्हणूनच दिसणार.

कायद्याचंही तेच. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६ च्या कायद्यानं यादी २१ वर नेली आणि त्यात स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांना जागा मिळाली. बाबा आत्याला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेले होते ते २००३ च्या सुमाराला. तिला काही प्रश्न विचारले. पंतप्रधान कोण, वगैरे. तिनं उत्तराऐवजी त्या दिवशीच्या सकाळच्या बातम्या पहिल्यापासून म्हणून दाखवल्या. पंतप्रधानांचं नाव त्यात तीनदा आलं होतं. कागदावर ‘मतिमंद’ लिहून मिळालं, टक्केवारीसकट. तो कागद आजही बाबांच्या फायलीत आहे.

आत्याला नक्की काय होतं, हे मी सांगू शकत नाही. ती २०२१ मध्ये गेली. मेलेल्या माणसाला मोबाईलवर वाचलेली लक्षणं चिकटवायची मला लाज वाटते.

*

आता वेगळ्या मेंदूच्या नायिकांचे दिवस आलेले दिसतात. २००३ मध्ये मार्क हॅडन यांच्या कादंबरीतला ख्रिस्तोफर शेजारच्या कुत्र्याच्या खुनाचा तपास करत जगभर पोचला, पण तो मुलगा. बायकांची रांग नंतर लागली. २०११ मध्ये स्वीडन-डेन्मार्कच्या मालिकेतली पोलीस अधिकारी सागा नोरेन आली. २०२२ मध्ये मॉली, आणि त्याच वर्षी कोरियाची वकील वू यंग-वू, जी तुमच्यापैकी निम्म्यांनी नेटफ्लिक्सवर पाहिली असणार, देवमाशांसकट. आपल्याकडे २०१२ च्या ‘बर्फी’त झिलमिल होती. त्या सिनेमात रहस्यही आहे, अपहरणही आहे. पण झिलमिल पळवली जाते, शोधत नाही. मराठीत ‘चौकट राजा’मधला नंदू १९९१ सालचा, दिलीप प्रभावळकरांनी केलेला. आईबाबा अजून त्याचं नाव काढलं तरी हळवे होतात. २०१४ च्या ‘येलो’त डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळनं स्वतःचीच भूमिका केली, आणि माझ्या मते हे आपल्याकडचं सगळ्यात धीट पाऊल होतं. तिच्याबद्दल कुणी दुसरं बोललं नाही, ती स्वतः पडद्यावर आली.

रहस्यकादंबरीत मात्र मराठीत अशी नायिका माझ्या वाचनात आलेली नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा, मी ती आधी वाचीन.

पण ‘द मेड’ संपवताना एक गोष्ट खुपत होती, तीही सांगून टाकतो. मॉली फार गोड आहे. ती शिव्या देत नाही, चावत नाही, तिचा राग घरभर पसरत नाही. वाचकानं तिला कुशीत घ्यावं अशीच ती बेतलेली आहे. वू यंग-वू तर गोडही आहे आणि अख्खा कायदा पाठ असलेलीही. म्हणजे वेगळी बाई आपल्याला चालते, फक्त ती लोभस असावी किंवा उपयोगी असावी, शक्यतो दोन्ही. बेबीआत्या लोभस नव्हती. तिनं माझ्या दंडाला चावल्याची खूण अजून आहे. लग्नात वाजंत्री वाजली तेव्हा तिनं ओसरीवर कपडे ओले केले आणि माझी चुलत बहीण अख्ख्या मंडपासमोर रडली. अशा बाईला नायिका करून दाखवा, मग बोलू. आणि तरीही सहावा डबा तिलाच दिसला होता. तो दिसला नसता, तरी तिला विचारायला हवंच होतं.

*

परतवाड्याहून जवळच वझ्झर आहे. कॉलेजच्या शिबिराला आम्ही तिथं गेलो होतो. तिथं शंकरबाबा पापळकरांनी उभं केलेलं, अंबादासपंत वैद्य यांच्या नावाचं बालगृह आहे. रेल्वे स्टेशनांवर, बसस्टँडवर, कचऱ्यात टाकून दिलेली मुलं पोलिसांमार्फत इथं येतात. कुणी मतिमंद, कुणी मूकबधिर, कुणी दृष्टिहीन. शंकरबाबांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस तेच फिरत होतं. त्याच वर्षी इथं वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, हेही पेपरात आलं.

शिबिरात मी एका मुलीच्या नोंदीकडे पाहिलं होतं. जन्मतारीख अंदाजे. आईवडील अज्ञात. सापडल्याचं ठिकाण, तारीख, बस. अर्नाळकरांनी पहिल्या प्रकरणात हेच लिहिलं असतं, आणि बाराव्यात कुणी टाकलं ते उलगडलं असतं. इथं बारावं प्रकरण येत नाही. शंकरबाबांनी तो शोध बाजूला ठेवून मुलांना आपलं नाव दिलं. आधारकार्डावर पापळकर. मुलींची लग्नं लावली, झाडं लावली. अठरा वर्षं झाली की मुलांनी संस्था सोडायची, हा नियम अशा मुलांना कसा लावणार, हे ते सरकारला वर्षानुवर्षं विचारत राहिले. त्या दिवशी एक मुलगी माझ्या घड्याळाकडे बोट दाखवून काहीतरी पुन्हापुन्हा सांगत होती. मी हसून मान डोलावली आणि पुढं गेलो. बसमध्ये बसल्यावर पाहिलं, घड्याळ बंद पडलेलं होतं.

*

एक धागा मात्र मला अनपेक्षित ठिकाणी सापडला. आमच्याकडून मोर्शीच्या बाजूला गेलं की रिद्धपूर लागतं. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ झालंय. तेराव्या शतकात ते महानुभाव पंथाचं केंद्र होतं. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. साधारण १२७८ चा काळ. त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं, मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. शाळेत आपण हे एका मार्कासाठी पाठ करतो. पण म्हाइंभटांची रीत बघा. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जायचं, त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं. हा तपासच आहे. आणि साक्षीदारांत बाया आहेत, म्हाताऱ्या आहेत. सतत प्रश्न विचारणारी महदाइसा आहे, जिला आपण मराठीतली आद्य कवयित्री मानतो. ज्या गोविंदप्रभूंना पंथ ईश्वर मानतो, त्यांना तेव्हाच्या रिद्धपुरातले काही लोक वेडे म्हणत. म्हाइंभटांनी त्यांच्याही लीळा तितक्याच काळजीनं टिपल्या. भिंतीशी बोलणं, मध्येच हसणं, कुणाच्याही दारात जाऊन खाणं. कुठं कातर लावली नाही. मी श्रद्धेच्या प्रांतात शिरत नाहीये. मला कौतुक नोंदीचं आहे.

आणि पुढची गोष्ट ऐकून तर मी ताठ बसलो. यादवांचं राज्य बुडालं त्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी हरवली. मग ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, ज्यांना तो पाठ होता त्यांच्या आठवणीतून. म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ आहेत, आणि त्यांतल्या एका पाठाला एका बाईचं नाव आहे. हिराइसा पाठ. हिराइसेची स्मरणशक्ती विलक्षण होती असं परंपरा सांगते. हार्डडिस्क गेली, आणि बॅकअप एका बाईच्या डोक्यात निघाला. नंतर पंथानं पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या, त्या बाहेरच्यांना कित्येक शतकं वाचता आल्या नाहीत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. ती वेगळीच रहस्यकथा आहे, पुन्हा कधीतरी.

हिराइसा आत्यासारखी होती असं मी म्हणत नाही. तिच्याबद्दल तसं काही म्हणायला आधार नाही. मला एवढंच दिसतं, की सुमारे सातशे वर्षांपूर्वी एका बाईला कुणीतरी ‘तुला काय आठवतं?’ असं विचारलं, आणि तिनं सांगितलेलं तिच्या नावानिशी जपून ठेवलं.

*

पाटल्या सापडल्या त्याच दिवशी बाबा मोटरसायकल काढून बाईच्या खोलीवर गेले होते. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, सामान घेऊन धारणीकडे गेली, लेकीकडे. पत्ता कुणाकडे नव्हता. आजोबांनी त्यानंतर तो विषय कधीच काढू दिला नाही. रहस्यकथा वाचणंही त्यांनी हळूहळू सोडलं, असं आई म्हणते. मला ते आठवत नाही.

आत्याच्या वह्या माळ्यावर होत्या. दोनशे पानी, ४१ वह्या. दहा दिवसांतले शेवटचे चार मी त्यांवर घालवले. शक्य तितकं एका शीटमध्ये भरलं. ट्रक कमी होत गेलेले दिसतात. शकुंतला बंद पडली त्यानंतरही तिचा रकाना आहे, आणि त्यात रोज एक आडवी रेघ. १८ मे २००८ च्या पानावर ट्रक ९, दूध ६.१०, बाई ७.४०, आणि खाली वेगळ्या ओळीत ‘डबे ८. ६ मांगं.’ दुसऱ्या दिवसापासून बाईच्या रकान्यात रेघ. तिसऱ्या दिवशी रेघ. आम्ही नंतर दुसऱ्या बाया लावल्या, त्यांच्यासाठी तिनं वेगळे रकाने आखले. या रकान्यात मात्र तिनं दुसऱ्या कुणाची वेळ कधीच लिहिली नाही. काही पानं उंदरांनी खाल्लीत. उरलेल्यांत मी ४,३०६ रेघा मोजल्या.

शीटमध्ये फिल्टर लावला तेव्हा एक ओळ वेगळी निघाली. मला वाटलं माझीच टायपिंगची चूक. वही पुन्हा काढली. २०१४, ऑक्टोबर, गुरुवार. ट्रक ३. दूध ६.२५. शकुंतला ११.०५. आणि बाईच्या रकान्यात, रेघेच्या जागी, आत्याच्या गोल अक्षरात ११.१५.

आईला विचारलं, बाबांना विचारलं. त्या दिवशी कुणी आल्याचं कुणालाच आठवत नाही. फाटकाजवळ येऊन परत गेली असेल तर ते ओसरीवरूनच दिसलं असतं.